हाफ इंजिन

ताडपत्रीवर सहा पिस्टन होते, सहा रॉड, सहा लायनर, बारा व्हॉल्व्ह आणि अठरा रिंगा. रिंगांपैकी दोन तुटलेल्या. बेअरिंगच्या सात टोप्या ओळीने उलट्या मांडल्या होत्या आणि प्रत्येकीपुढे तिचे दोन अर्धगोल शेल, म्हणजे एकूण चौदा. क्रँकशाफ्ट एकच, तो ताडाच्या दोन ओंडक्यांवर आडवा टेकवला होता. मर्सलिनने सगळं पुन्हा एकदा मोजलं.

"अक्का, कोळंबी आहे का ती, वाटे घालायला?" सूसै म्हणाला. तो तिचा धाकटा भाऊ आणि तंगच्चिमडमच्या किनाऱ्यावरचा मेस्त्री. हात कोपरापर्यंत काळे.

"बोल तू. काय ठरवलंस?"

इंजिन तुतुकुडीच्या मिठाच्या लॉरीतलं होतं. लॉरी भंगारात गेली आणि इंजिन इकडे आलं, मर्सलिनच्या बोटीत बसायला. बोट तिच्या नावावर होती, कारण तिच्या नवऱ्याच्या, किलारियनच्या, नावावर आता बोटीला समुद्रात जायचं टोकन, म्हणजे परवानगी, मिळत नव्हतं. गेल्या वर्षी भर समुद्रात त्याच्या जुन्या बोटीचं इंजिन बंद पडलं. वाऱ्याने बोट ढकलत नेली ती सरळ दोन देशांमधल्या हद्दीच्या रेषेपलीकडे. पाच महिन्यांनी पलीकडच्या कोर्टाने त्याला सोडलं, बोट ठेवून घेतली, आणि पुन्हा रेषेपलीकडे सापडलास तर दोन वर्षं आत, असं बजावून पाठवलं. त्यामुळे या इंजिनाने एकच गोष्ट करायची होती. बंद पडायचं नव्हतं.

"हाफ इंजिन करू," सूसै म्हणाला. "नवे लायनर, नवे पिस्टन, रिंगा, हेडची मशिनिंग. खालचं आहे तसं ठेवू. क्रँक पुसून, नवे शेल टाकून. मासेमारीची बंदी उठायच्या आदल्या दिवशी इंजिन बोटीत."

"आणि फुल?"

"फुल म्हणजे क्रँक ग्राइंडिंगला मदुरैला. तिथे सगळ्या किनाऱ्याचे क्रँक रांगेत पडलेत. बंदीत सगळेच इंजिनं उघडतात. बंदी उठेल, बोटी जातील, परत येतील, तेव्हा आपला नंबर लागेल."

त्याने मायक्रोमीटर क्रँकच्या पाचव्या बैठकीवर, म्हणजे शेलमध्ये फिरणाऱ्या गोल भागावर, लावला, वाचला, मग पाव वळसा फिरवून पुन्हा वाचला. दोन आकड्यांत सहा शतांश मिलिमीटरचा फरक होता. बैठक गोल राहिली नव्हती.

"किती चालतो?"

"तीन. ओढूनताणून चार."

मर्सलिनने एक शेल उचलून पालथा केला. पाठीवर ०.७५ असा शिक्का होता. तिने तो भावापुढे धरला.

"तेच सांगणार होतो," सूसै खाली बघत म्हणाला. "हा क्रँक आधी तीनदा घासून झालाय. शेवटचा साइज. आता मदुरैला नेला तरी घासायला लोखंड उरलेलं नाही."

"मग फुल कशाचं करणार होतास?"

सूसैने शेल परत टोपीपुढे ठेवला. शेडच्या दाराशी किलारियन उभा होता. तो केव्हा आला ते दोघांनाही कळलं नव्हतं. तुरुंगातून आल्यापासून तो असाच, आवाज न करता यायचा.

"हाफ करायचं," तो म्हणाला. "वाद नको. खलाशी पोरं विचारताहेत जाळं चढवायचं की नाही. पाच जण. पहिल्या दिवशी मी निघालो नाही तर दुसऱ्या दिवशी पाचही जण दुसऱ्यांच्या बोटींवर."

"मच्चान, मागच्या वेळीही आपण खालचं उघडलं नव्हतं," सूसै भावोजीला हळूच म्हणाला.

"तूच म्हणाला होतास, खालचं नंतर बघू."

"मी लॉरीवर शिकलो, मच्चान. लॉरीला खालचं नंतर बघतात."

"लॉरीच्या खाली झोपता येतं," मर्सलिन म्हणाली. "तेलाचा चेंबर सोडला की क्रँक समोर. बोटीच्या खाली कोण झोपणार, मासे? एकदा इंजिन आत उतरवून वर फळ्या ठोकल्या की खालचं उघडायचं म्हणजे बोट फोडायची. जे करायचं ते आज, इथे, या ताडपत्रीवर."

"मग काय, बसू किनाऱ्यावर?" किलारियनचा आवाज चढला. "पाच महिने भिंत बघितली. इथे येऊन वाळू बघतोय. तू टोकन काढू नकोस, तुझी मर्जी. मी गिल्बर्टच्या बोटीवर खलाशी म्हणून जाईन. तो कुठवर जातो ते तुला माहीत आहे."

तिला माहीत होतं. गिल्बर्ट रेषेच्या अंगावर जाळं टाकायचा. म्हणजे इंजिन नीट करायला थांबलं तरी नवरा पलीकडे, आणि अर्धवट केलं तरी पलीकडे. मर्सलिन उठली, हात लुगड्याला पुसले आणि कोणाला न सांगता बाहेर पडली.

ज्ञानमचं घर चर्चच्या मागे. तिचा नवरा जेरुबिन किलारियनच्या त्याच जुन्या बोटीवर होता, आणि रेषेपलीकडे सापडायची त्याची ती दुसरी खेप होती. किलारियन सुटून आला. जेरुबिन अजून आत होता. त्याचं जास्तीचं इंजिन अंगणात फाटक्या जाळ्याखाली ठेवलेलं होतं. त्याच जातीचं, सहा सिलिंडरचं. वर दोन कोंबड्या बसल्या होत्या.

मर्सलिनने मागायच्या आधीच ज्ञानमने ओळखलं.

"काय काढायचंय त्यातलं?"

"क्रँक."

"क्रँक काढला की उरतं काय?"

"लोखंड."

"चला, खरं तरी बोललीस." ज्ञानमने एक कोंबडी हाकलली. "रोज सकाळी मी याची धूळ पुसते. शेजारणी हसतात. नवरा तिकडे तर तिकडे, म्हणतात, ही इंजिनाला अंघोळ घालते."

मर्सलिनने दुसरी कोंबडी खाली उतरवली. हा क्रँक गेला तर जेरुबिन आल्यावर कशावर उभा राहणार, हे दोघींनाही समजत होतं.

"ने," ज्ञानम म्हणाली. "तो आला की सांगेन, मर्सलिनने चोरला. तुरुंगातून येणाऱ्या त्याच्या चिठ्ठीसाठी दर महिन्याला सरकारी ऑफिसच्या बाकावर बसते मी. तिथे शेजारी तू येऊन बसावंस असं मला वाटत नाही. मला सोबत नको."

दुपारपर्यंत सूसै आणि किलारियनने तो क्रँक काढून ओंडक्यांवर आणला. मूळ साइजचा, कधी न घासलेला. तरी सूसैचा चेहरा उजळला नाही. खाऱ्या हवेने दोन बैठकांवर गंज धरला होता. बोट फिरवलं की खडबडीत लागायचं.

"घासायला लोखंड आहे," तो म्हणाला. "घासायला मशीन नाही."

"हाताने?"

"पॉलिश पेपर आणि दोरीने होतं, अक्का. माझा उस्ताद करायचा. पण दोन्हीकडून सारखी ओढ लागते. एकीकडे जास्त झाली की गोल बैठक अंड्यासारखी होते, मग कशालाच उपयोग नाही. आणि किती खोल गंज आहे ते घासल्याशिवाय कळत नाही. जास्त घासलं तर बैठक बारीक, शेल सैल, तेलाचं प्रेशर पडणार."

"आणि कमी घासलं तर?"

"खड्डे नवे शेल खाणार. पंधरा दिवसांत."

किलारियन क्रँककडे बघत होता. त्याने जेरुबिनबरोबर पाच महिने एका ताटात भात खाल्ला होता. तो खाली बसला, सुती दोरीचं एक टोक हाताला गुंडाळलं आणि दुसरं बायकोपुढे टाकलं.

"ओढ."

बैठकीभोवती तेलात भिजवलेला पॉलिश पेपर, त्यावर दोरीचे दोन वेढे. ती ओढायची तेव्हा तो सैल सोडायचा, तो ओढायचा तेव्हा ती. दर पन्नास ओढींनी सूसै क्रँक पाव वळसा फिरवायचा, फडक्याने पुसायचा आणि मायक्रोमीटर लावायचा.

"मच्चान, जरा हळू. तुमच्या बाजूने जास्त जातंय."

"हिचा जोर कमी आहे."

"माझा जोर कमी नाही. तुम्ही रागाने ओढताय," मर्सलिन म्हणाली. "अहो, क्रँक आहे तो, जेलर नाही."

सूसै हसला. किलारियनही हसेल असं तिला वाटलं, पण त्याने फक्त हात सैल केला. त्यानंतर दोन्हीकडचं माप सारखं येऊ लागलं.

संध्याकाळी पहिल्या बैठकीवर बोट गुळगुळीत फिरलं. दुसऱ्या दिवशी दुसरी बैठक. तिथला गंज खोल होता. एका ठिकाणी मोहरीएवढा खड्डा राहिला. सूसै म्हणाला, अजून घासू का? मर्सलिनने मायक्रोमीटरवरचा आकडा विचारला. त्याने सांगितला. मूळ मापापेक्षा चार शतांश कमी, म्हणजे शेल सैल पडायच्या बेतात. तिने किलारियनकडे बघितलं.

"तू ठरव," तो म्हणाला. "बोट तुझी आहे."

"बोट माझी. तुम्ही कोणाचे?"

त्याने हातावरची दोरी उलगडली. मग म्हणाला, "इंजिन बोटीत घालायच्या आधी इथेच चालवू. सूसै सांगेल त्या आकड्याच्या खाली तेलाचं प्रेशर आलं तर मी किनाऱ्यावर बसेन. गिल्बर्टकडेही जाणार नाही. आईची शपथ."

"मग थांब," मर्सलिन सूसैला म्हणाली. "खड्डा राहू दे."

इंजिन जुळलं. नवे शेल, लायनर, पिस्टन, रिंगा. टोप्या सूसैने स्वतः आवळल्या, कोणाला हात लावू दिला नाही. सगळं ताडाच्या ओंडक्यांवर बोल्टने बांधलं, थंड ठेवायला पाण्याचं पिंप जोडलं, तेलाच्या नळीला मीटर लावला. पाचही खलाशी येऊन दारात उभे राहिले. बाहेर त्यांनी जाळं काढून ठेवलं होतं, पण चढवलं नव्हतं.

"गार असताना आकडा कोणीही दाखवतो," सूसै म्हणाला. "तेल तापून पातळ झालं की खरं काय ते कळतं. एक तास. मिनिटाला पंधराशे फेऱ्यांवर. प्रेशर तीन किलो हवं. तीनच्या खाली बोटीत उतरवायचं नाही."

इंजिन पहिल्याच फेरीला सुरू झालं. एक खलाशी टाळी वाजवायला गेला, शेजारच्याने त्याचा हात धरला. मीटरचा काटा पाच पूर्णांक दोनवर गेला.

वीस मिनिटांनी चार पूर्णांक एक.

पिंपातलं पाणी कोमट झालं. ज्ञानम कधीतरी येऊन खलाशांच्या मागे उभी राहिली होती. किलारियन काट्याकडे बघत नव्हता. तो बायकोच्या तोंडाकडे बघत होता, कारण ती काट्याकडे बघत होती.

चाळीस मिनिटांनी तीन पूर्णांक चार.

सूसैने फेऱ्या तपासल्या. पंधराशेच होत्या. त्याने मीटरच्या काचेवर बोटाने टिचकी मारली. काटा हलला आणि परत तिथेच आला.

एक तास झाला तेव्हा काटा दोन पूर्णांक नऊवर होता.