अकरा कोरी पानं

कागदाच्या एकाच बाजूला छापावे.

लिफ्टमधलं लाकडी स्टूल, बसून बसून मधोमध खोलगट झालेलं.

डावा समास दीड इंच. ओळींत दुप्पट अंतर.

चौथा मजला, खिडकीपाशी सहा नंबरची खाट.

मध्ये कोरे पान सोडू नये. सोडल्यास संहिता वाचली जाणार नाही.

यातले नियम प्रकाशनाच्या संपादकांचे. स्टूल आणि खाट लिफ्टमनकाकांच्या वहीतली. टायपिंगवाल्या बाईंच्या टेबलावर दीड महिना हे सगळं शेजारी शेजारी होतं. नियम काचेखाली, वही काचेवर.

काकांनी इस्पितळाची लिफ्ट एकतीस वर्षं वरखाली केली. बायकोला त्यांनीच वर नेलं. खाली आणली तेव्हा लिफ्ट दुसऱ्याच्या हातात होती. निवृत्त झाल्यावर त्यांनी तिच्यावर पुस्तक लिहिलं, आणि आता स्वतःच चौथ्या मजल्यावर पडून होते.

आज शेवटची तारीख. पाचला संपादकांकडची संहिता घ्यायची खिडकी बंद. चार वाजता काकांची मुलगी धापा टाकत आली.

"झालं का हो, मावशी?"

"झालं म्हणजे काय! नवरीसारखं नटवलंय. समास बघ, पट्टी लावून बघ हवं तर."

मुलगी उभ्याउभ्याच पानं चाळू लागली. ऐंशीव्या पानानंतर तिचा हात मंदावला. पुढे गेली, परत मागे आली.

"ती कोरी पानं कुठायत?"

"ती होय! गाळली. सगळेच सोडतात गं वहीत, पुढे सुचेल म्हणून. कुणाला काही सुचत नाही. तेवीस वर्षं गाळतेय, एकाची तक्रार नाही."

मुलीने काचेवरची वही उघडून समोर धरली. प्रत्येक कोऱ्या पानाच्या कोपऱ्यात पेन्सिलीने बारीक आकडा होता. एक, दोन, तीन, थेट अकरापर्यंत.

"आई अकरा दिवस बेशुद्ध होती. बाबा म्हणाले, त्या दिवसांचं लिहू काय? दिवस तसेच गेले, पानंही तशीच जाऊ देत."

बाईंनी खुर्ची पुढे ओढली. "थांब, आत्ता घालते." बोटं कळांवर ठेवली आणि तिथेच थबकली. नजर काचेखाली गेली होती. मुलीनेही वाकून वाचलं.

"घाला की हो," शेजारचा झेरॉक्सवाला म्हणाला, "कोऱ्या पानाला शाई कुठे लागते!"

कुणी हसलं नाही. तोही मग कागद सारखे करत बसला.

"खरंच वाचणार नाहीत?" मुलीने विचारलं.

"उघडून कोरं दिसलं की बाजूला टाकतात."

मुलीने घड्याळाकडे पाहिलं. "नळी घातल्यापासून बाबांना बोलता येत नाही. दिलं म्हटलं की मान हलवतील, तेवढंच." तिने गठ्ठा छातीशी धरला. "राहू दे, मावशी. अकरा आहेत म्हणून सांगते. तुम्ही भेटायला आलात तर तुम्हीही तसंच सांगा."

ती गेल्यावर बाईंनी प्रिंटरला अकरा पानांचा हुकूम दिला. यंत्र कुरकुरलं. एकेक कागद आत गेला, कोमट होऊन तसाच बाहेर आला. बाईंनी ते मोजले, कडा जुळवल्या आणि टेबलावरच राहिलेल्या वहीत ठेवून दिले.

वही द्यायला आले त्या दिवशी काकांनी ती अकराही पानं बाईंसमोर एकेक करून उलटली होती. बाई फोनवर बोलत होत्या.