काठाचं पाणी

घरी पोचल्यावर तान सर आधी स्वयंपाकघरात जात. बूट मागाहून, पिशवी मागाहून, चहा तर फारच मागाहून. कोपऱ्यात तपकिरी मातीची एक बुटकी बरणी होती. तिच्या गळ्याभोवती खोलगट काठ होता, त्यात पाणी भरलेलं असे आणि तोंडावर वाडगा उपडा घातलेला असे. काठातलं पाणी आटू द्यायचं नाही, एवढंच काम. पाणी आहे तोवर आत हवा शिरत नाही, आणि हवा शिरत नाही तोवर आतला लोणच्याचा खार जिवंत राहतो.

हा खार त्यांच्या बायकोचा, सूफनचा. तिने तो लग्नानंतर माहेराहून आणला होता, आणि तिच्या आईने तिच्या माहेराहून. विरजण जसं एका घरातून दुसऱ्या घरात जातं, तसा तो आला होता. त्यात मुळा घाला, आलं घाला, मिरच्या घाला, चवळीच्या शेंगा घाला, सूफनचा हात लागल्यासारखं लोणचं बाहेर येई. सूफनला जाऊन दोन वर्षं झाली. हात गेला, खार तेवढा राहिला.

त्या शुक्रवारी संध्याकाळी सर पाच आठवड्यांनी घरी आले होते. फूशुनमधली त्यांची शाळा आता गावाबाहेर नव्या इमारतीत गेली होती आणि इंग्रजीचे शिक्षक म्हणून नववीच्या मुलांबरोबर त्यांना तिथेच राहावं लागे. परीक्षा तोंडावर आली म्हणून शनिवार-रविवारीही जादा तास लावले होते. आता छिंगमिंगची, पितरांच्या सणाची, तीन दिवसांची सुट्टी मिळाली होती. म्हणजे सरकारने एका हाताने दिली आणि दुसऱ्या हाताने मागचा रविवार कामाचा करून काढून घेतला, पण मिळाली होती.

सरांनी काठात बोट घातलं. बोट कोरडंच बाहेर आलं.

वाडगा उचलला तेव्हा नाकाला जो वास आला त्यावरूनच कळायला हवं होतं. वर पांढरी जाड साय धरली होती, खालचा मुळा बोटाने दाबला तर शेवाळासारखा सरकत होता. तरी माणूस आशा सोडतो का? त्यांनी साय काढली, मूठभर मीठ घातलं, ज्वारीच्या दारूचे दोन पेले ओतले आणि बरणीपुढे पाट टाकून बसून राहिले. सदतीस वर्षं पोरांना धाकात ठेवणारा माणूस, पण मातीच्या बरणीपुढे हात जोडायचेच काय ते बाकी राहिले होते.

शनिवारी सकाळी वास आणखी वाढला. खार मेला होता.

चेंगदूहून त्यांच्या मुलीचा, लूचा, फोन आला. "बाबा, उद्या सकाळच्या गाडीने येतेय. आईच्या थडग्यावर न्यायला लोणचं काढून ठेवलंत ना?"

"खार गेला," सर म्हणाले. "काठाचं पाणी आटलं."

 लू समजुतीच्या सुरात म्हणाली, "जाऊ दे बाबा. दुकानातून पाकीट आणा. आईला काय कळणार आहे?"

"तिला कळणार नाही? तुझ्या आईला? वासावरून कुणाच्या घरचं ते सांगायची ती!" सर एवढ्या जोराने ओरडले की त्यांचं त्यांनाच वाईट वाटलं. गेल्या वर्षी वाटी भरून नेली होती त्यांनी. तिने मागे ठेवलेली एक गोष्ट, तीही सांभाळता आली नाही. उद्या रिकाम्या हाताने तिच्यासमोर उभं राहायचं, आणि सांगायचं तरी काय? जादा तास होते म्हणून?

ते बरणी धुवायला बसले, आणि धुता धुता त्यांना काचेची बाटली आठवली.

तीस वर्षांपूर्वीची गोष्ट. तेव्हा शाळा गावातच होती आणि तान सरांच्या दोन खोल्या तिच्या मागच्या भिंतीला लागून होत्या. सणासुदीला मुलं आपापल्या घरी जात, पण डोंगरातल्या लांबच्या गावांच्या चार-पाच मुली राहायच्या. सर त्यांना सुट्टीतही सोडत नसत. घरातल्या टेबलाशी बसवून इंग्रजी शब्द लिहायला घालत, आणि चुकलेला शब्द पन्नास वेळा लिहायला लावत. सूफन स्वयंपाकघरातून काही बोलायची नाही. लिहिणारीच्या कोपराशी गरम भाताचा वाडगा आणि लोणच्याची बशी आणून ठेवायची आणि निघून जायची. भात निवायच्या आत लिहून संपवायचं, हा तिचा नियम सरांच्या नियमापेक्षा जास्त चालायचा. त्या खोलीत शाईचा आणि आंबट मिरचीचा असा एक मिळून वास असे. सरांना तो वास आत्ता, धुतलेल्या बरणीपाशी, इतका स्पष्ट आला की त्यांचे डोळे भरून आले.

सगळ्यात जास्त शब्द पन्नास वेळा लिहिणारी मुलगी होती शियांग दोंगमेई. एकदा सरांनी भर वर्गात तिला उभं करून म्हटलं होतं, "हिला शिकवणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. उद्यापासून आलीस काय, न आलीस काय." ती परीक्षेत इंग्रजीतच नापास झाली. त्याच उन्हाळ्यात ती दूर ग्वांगदोंगला कारखान्यात कामाला निघाली, तेव्हा सूफनने तिला संत्र्याच्या फोडींच्या रिकाम्या काचेच्या बाटलीत खार भरून दिला. "गाडीत सांडेल तो," असं सर म्हणाले होते. तेवढंच म्हणाले होते.

दोंगमेई परत आली त्यालाही आता बारा वर्षं झाली. जुन्या बसस्थानकाजवळ तिचं मऊ टोफू आणि भाताचं दुकान होतं. सगळं गाव तिथे जेवायचं. तान सर तेवढे मागच्या गल्लीने वळसा घालून जात. का, ते त्यांनी कधी स्वतःलाही सांगितलं नव्हतं.

त्या दिवशी मात्र ते सरळ रस्त्याने गेले. दुकानात सणाची गर्दी होती. ते कोपऱ्यातल्या स्टुलावर बसले, मान खाली घालून. कुणीतरी टोफूचा वाडगा, भात आणि लोणच्याची छोटी बशी ठेवून गेलं. सरांनी मुळ्याची एक फोड तोंडात टाकली आणि चावायचं थांबले.

ती सूफनची होती. काही शंकाच नव्हती. ते फोड तोंडात धरून बसले, गिळायची त्यांना भीती वाटली.

"काय सर, मीठ कमी पडलं का?" समोर कमरेला एप्रन बांधलेली, कानामागे पेन्सिल खोचलेली दोंगमेई उभी होती. "का पन्नास वेळा लिहू?"

सरांनी फोड गिळली. "दोंगमेई, सूफनची बरणी गेली."

तिच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. "काठाचं पाणी?"

"हो."

"सर!" ती एवढ्या मोठ्याने म्हणाली की शेजारच्या टेबलावरचे लोक वळले. "तीन दिवसांनी पाणी बघायचं, एवढंसुद्धा होत नाही तुम्हाला? मांजर पाळलं असतंत तर उपाशी मारलं असतंत!"

सरांनी ऐकून घेतलं.  मग ती स्टूल ओढून समोर बसली, आणि आवाज खाली आणून म्हणाली, "सूफनमावशी दरवर्षी यायच्या. नवी मिरची निघाली की, जूनमधल्या रविवारी. हातात डबा असायचा. त्यांच्यातला एक डाव माझ्या बरणीत, माझ्यातला एक त्यांच्या. 'दोन घरांत असला की एकाचा गेला तरी एकाचा राहतो,' म्हणायच्या. तुम्हाला ठाऊक नाही?"

"मी पेपर तपासत असायचो," सर म्हणाले.

"तुम्ही कायम पेपरच तपासत होतात." ती एप्रनच्या टोकाशी चाळा करत राहिली. "त्या गेल्या तेव्हा मी आले होते. मागे उभी होते. तुम्ही मला बघितलंत आणि मान वळवलीत. मला वाटलं, अजून राग आहे. मग दोन जून गेले, मी आपली डबा धुऊन ठेवत होते. तुमच्या दारापर्यंत दोनदा आलेसुद्धा. पण त्या दारात पाऊल टाकवत नाही हो सर. वाटतं, आतून शब्द घालाल."

"राग नव्हता," सर म्हणाले.  "लाज वाटत होती. मी तुला वर्गात नको ते बोललो होतो."

"पुष्कळ बोलला होतात. त्यातलं कोणतं?"

"पालथा घडा."

"ते होय." ती उठली. "ते लागलं होतं. खोटं कशाला सांगू? ग्वांगदोंगला जाईपर्यंत गाडीत तेच ऐकू येत होतं. पण बाटली नाही सांडू दिली."

ती आत गेली आणि झाकणाचा मोठा डबा खाराने भरून घेऊन आली. सरांनी हात पुढे केला तर तिने डबा मागे घेतला.

"आधी लिहून घ्या. पेन आहे ना? तुमच्या खिशात नसेल तर कुणाच्या असेल! काठाचं पाणी दर तीन दिवसांनी. तेल लागलेली जेवणाची काडी बरणीत बुडवायची नाही. नवी भाजी घातली की नवं मीठ. बरणी रिकामी ठेवायची नाही. आणि वर्षातून एकदा इथे डबा घेऊन यायचं. झालं लिहून? आता पन्नास वेळा."

दुकानातले लोक हसले. सरही हसले, आणि डबा दोन्ही हातांनी छातीशी धरून सरळ रस्त्याने घरी गेले.

रात्रभरात मुरतं ते कोवळ्या मुळ्याचं लोणचं, ते त्यांनी त्या खारात लावलं. रविवारी टेकडीवर सूफनच्या थडग्यापुढे वाटी ठेवली, उदबत्त्या लावल्या. मग लूने रीतीप्रमाणे वाटीतली एक फोड उचलून खाल्ली.

"बाबा," ती रडत म्हणाली, "तुम्ही तर म्हणालात गेला म्हणून."

"आपल्याकडचा गेला," सर म्हणाले. "तुझ्या आईने दुसरीकडे ठेवला होता."

दुपारी लू चेंगदूला परतली. जाताना तिने पाहिलं, बाबा टेबलाशी वही घेऊन बसले होते. "सुट्टीत तरी वह्या तपासणं सोडा हो. कुणाची आहे ही?"

"माझीच," सर म्हणाले.

सोमवारी त्यांना शाळेत परतायचं होतं, आणि पुन्हा तोच प्रश्न होता. नववीची परीक्षा होईपर्यंत घरी येणं नाही. पाणी कोण घालणार? बस सुटायला अर्धा तास असताना ते दोंगमेईच्या दुकानात आले आणि टेबलावर दोन वस्तू ठेवल्या. एक घराची किल्ली, दुसरी ती वही.

दोंगमेई किल्लीकडे बघत राहिली. "मी? तुमच्या घरात?"

"तुझ्याशिवाय कोण? तीन दिवसांनी एकदा. आत शब्द घालायला कुणी नाही."

तिने किल्ली उचलून एप्रनच्या खिशात टाकली, वर हात दाबून धरला. मग वही उघडली. पानामागून पान, तेच पाच नियम, सरांच्या कोरीव अक्षरात. तिने कानामागची पेन्सिल काढली आणि एकेक ओळीवर टेकवत मोजायला सुरुवात केली. गिऱ्हाइकं हाका मारत होती, तिने लक्ष दिलं नाही. शेवटच्या पानावर तिने नाक ओढलं आणि मान वर केली.

"सर, मिठाची ओळ एकोणपन्नास वेळाच आहे."

"शक्य नाही!"

"स्वतः मोजा."

सरांनी मोजली. एकोणपन्नासच होती. तिकडे बसचा कंडक्टर फूशुनभर ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने ओरडत होता. सरांनी पिशवी खाली ठेवली, स्टूल पुढे ओढलं आणि खिशातून पेन काढलं.

ते लिहायला लागले तेव्हा दोंगमेई काही न बोलता आत गेली. परत आली ती गरम भाताचा वाडगा आणि लोणच्याची बशी घेऊन. तिने त्या दोन्ही वस्तू त्यांच्या कोपराशी ठेवल्या आणि गिऱ्हाइकांकडे निघून गेली.