वारलूची राणी

"यंदा राणीचं काम तुह्याकडं नाई, वारलू," नाटक मंडळाचे नानाजी म्हणाले आणि अंगणातल्या बाजेवर बसले.

वारलू जाळं विणत होता. त्याचे हात थांबले नाहीत.

"लोकाईले आता खरी बाई पाह्यजे. नागपूरवरून बोलावली. कमळा नाव आहे."

"बरं केलं."

"राग नोको मानू, भाऊ."

"राग कायचा? आवाज फाटला माहा. मले समजते नं."

बावीस वर्षं वारलू दंडारीत, गावच्या नाचगाण्याच्या खेळात, राणी झाला होता. वैनगंगेच्या काठचा हा ढिवर दिवसा मासे धरायचा आणि भात निघालं, मंडईच्या जत्रेचे दिवस आले की लुगडं नेसून उभा राहायचा. गोंडपिपरीपासून पार नदीपलीकडच्या गावांपर्यंत लोक त्याला 'राणी' म्हणूनच ओळखत. आता १९५६ साल होतं. गावाच्या मंडळाने दंडार सोडून त्याच राणीच्या गोष्टीचं पडद्याचं नाटक बसवलं होतं.

नानाजी उठेनात. शेवटी बोलले, "आनखी एक गोष्ट होती. ते बाई उतरन कुठी? घरोघरी इचारलं. नाटकवालीले कोनी ठेवत नाई."

वारलूने दाराकडे पाहिलं. शकुबाई तिथे तांदूळ पाखडत होती.

"येऊ द्या," ती सुपातली नजर न काढता म्हणाली. "कोनाची तं लेकच आहे."

कमळा खेळाच्या दिवशी सकाळी बैलगाडीने आली. बाविशीची, सडपातळ, हातात पत्र्याची पेटी. शकुबाईने तिला पाय धुवायला पाणी दिलं, भात आणि झिंग्यांचं कालवण वाढलं. जेवण झाल्यावर कमळा वारलूसमोर येऊन बसली.

"भाऊ, मला सगळं येतं. पण तो रानातला प्रवेश जमत नाही. राणीच्या मांडीवर पोरगी तापाने मरते, तो. मी रडते, पण लोक चुळबुळ करतात."

"करून दाखव."

कमळाने कपाळ बडवलं, हंबरडा फोडला. शेजारची कुत्री भुंकू लागली. वारलू हसला नाही.

"रडू नोको," तो म्हणाला. "पोरगी गेली हे लोकाईले समजलं. मायले अजून समजलं नाई."

त्याने बाजेवरची गोधडी घेतली, गुंडाळली आणि मांडीवर ठेवली. अंगात बंडी होती, गुडघ्यापर्यंत धोतर होतं, मिशांत पांढरे केस आले होते. पण मान किंचित कलली आणि अंगणात एक बाई बसलेली दिसू लागली. ती गोधडीच्या टोकावर पदर ओढत होती.

"पाय उघडे पडले वो माह्या बाईचे," ती पुटपुटली. "थंडी वाजन." पदर सरकला, तिने पुन्हा ओढला. पुन्हा सरकला, पुन्हा ओढला. बस, एवढंच.

कमळाचे डोळे भरून आले. दारात सूप पडल्याचा आवाज झाला.

शकुबाईने वारलूची दंडार कधीच पाहिली नव्हती. बारा वर्षांपूर्वी त्यांची चार वर्षांची सोमारी तापाने गेली. तिसऱ्या दिवशी वारलू आधी कबूल केलेल्या गावी राणी व्हायला निघून गेला. पोरीसाठी त्याच्या डोळ्यांतून टिपूस आलं नाही, हे शकुबाईच्या मनात काट्यासारखं रुतून बसलं होतं.

"हे माह्यं आहे," ती आता म्हणाली. "त्या दिवशी मी अशीच पाय झाकत होतो. हे तुमी गावोगाव लोकाईले दाखवत होते?"

वारलूने गोधडी मांडीवरून काढली नाही.

"मले दुसरं रडनं येतच नोहोतं, शकू."

शकुबाई आत गेली. कमळा घाबरून पेटीकडे पाहू लागली. बऱ्याच वेळाने शकुबाई बाहेर आली. तोंड धुतलेलं होतं. ती कमळाशेजारी बसली, वारलूकडून गोधडी घेतली आणि तिच्या मांडीवर ठेवली.

"आधी डावा पाय झाक," ती म्हणाली. "पोरीचा डावा पायच बाहेर राह्यचा. मंग उजवा. ह्याईले दुरून दिसलं नसन."

दुपारभर दोघी तेवढंच करत बसल्या. वारलू जाळं विणत ऐकत राहिला.

कमळाने त्या प्रवेशावर पुढे पुष्कळ नाव कमावलं. आलापल्लीपर्यंत तिला बोलावणी आली. वारलू मात्र पुन्हा कधी लुगडं नेसला नाही.

त्या दिवशी दिवेलागणीला शकुबाईने धुवट लुगडं नेसलं. "मी पन येतो," ती म्हणाली, आणि दोघं मांडवात गेली. पुरुष डावीकडे बसत, बाया उजवीकडे. वारलू सवयीने पडद्यामागे वळला. मग काहीतरी आठवल्यासारखा थांबला आणि तसाच मधोमध उभा राहिला. पुरुषांतून कोणीतरी ओरडलं, "आज राणी इकडं कशी?" हशा पिकला.

शकुबाई बायकांत बसली होती. तिने मागे वळून पाहिलं.

"उभे काऊन? इथी बसा."

वारलू अवघडून पुढे झाला. बायका एकमेकींकडे पाहू लागल्या. पाटलाची थोरली सून मनकर्णा सगळ्यांत पुढे बसली होती. तिने आपलं लुगडं आवरून घेतलं आणि जरा सरकून सतरंजीवर जागा केली.