आबांच्या सिनेमाला मत

ऑस्करची नामांकनं जाहीर झाली की पुंडलिकनगरात नानासाहेबांच्या गच्चीवरच्या खोलीत दरवर्षी माणसं जमायची. नानासाहेब वीज मंडळातून निवृत्त झालेले. बायकोनं पापड-कुरडयांसाठी मागितलेली ती खोली त्यांनी पडदा आणि प्रोजेक्टर लावून बळकावली होती. मोठे सिनेमे काय, सगळं जगच बघतं, म्हणून ही मंडळी हटकून छोट्या माहितीपटांच्या वाट्याला जायची. नामांकन मिळालेले पाचही एका बैठकीत बघायचे, मनसोक्त भांडायचं आणि शेवटी हात वर करून आपला निकाल लावायचा. त्यांनी निवडलेल्या सिनेमाला खरा पुरस्कार सहसा मिळायचा नाही आणि याचाच त्यांना अभिमान होता.

या मंडळीत अंबिका रडकी म्हणून प्रसिद्ध होती. ती एका खासगी दवाखान्यात एक्स-रे काढायचं काम करायची. दिवसभर मोडकी हाडं बघणारी ही बाई पडद्यावर एखादी म्हातारी नुसती खिडकी लावताना दिसली तरी पाझरायची. क्लासमध्ये गणित शिकवणारा सोमनाथ तिची थट्टा करायचा, की ताईंचा रुमाल बघायचा आणि सिनेमाला मार्क द्यायचे. तीही हसायची. पण रडून झालं की सगळ्यांत नेमकं तीच बोलायची, हे सोमनाथलाही मान्य होतं.

यंदाच्या पाचांतल्या एका सिनेमात अंबिकाचे वडील होते.

इंद्रजीत नावाचा पुण्याचा दिग्दर्शक दोनेक वर्षांपूर्वी नानासाहेबांकडे आला होता. त्याला मेंढपाळांवर सिनेमा करायचा होता आणि कुणी ओळखीचं हवं होतं. अंबिका त्याला घेऊन वैजापूरकडं गेली. तिचे वडील मुंजाबा, म्हणजे आबा, तेव्हा एका कांदेवाल्याच्या रानात खतासाठी मेंढरं बसवून होते. “आमच्यात बघण्याजोगं काय हाय?” असं ते पहिल्या दिवशी म्हणाले. पण चार दिवसांत त्यांना कॅमेऱ्याची गोडी लागली. इंद्रजीत हंगामभर त्यांच्या मागं हिंडला.

सिनेमा पुरा झाला आणि दसऱ्याच्या सुमाराला आबांना धाप लागायला लागली. अंबिकानं त्यांना शहरात आणलं, स्वतःच्याच दवाखान्यात. छातीचा एक्स-रे तिनंच काढला. “आबा, श्वास धरा,” म्हणाली. त्यांना तो धरता येईना. पडद्यावर जिथं काळं दिसायला हवं तिथं पांढरं दिसत होतं. डॉक्टरांनी सांगायच्या आधीच तिला ते कळलं. आठवडा गेला नाही तोच आबा गेले.

तेव्हापासून ती रडलीच नव्हती. दवाखान्यातल्या सह्या तिनं केल्या, गाडी तिनं ठरवली, गावी पोचल्यावर बायका गळ्यात पडायला आल्या तर तिनं विचारलं, सगळ्यांचा चहा झाला का. धक्का बसलाय पोरीला, येईल रडू, असं त्या आपसांत बोलल्या. रडू आलं नाही. तेरावा झाला, ती कामावर रुजू झाली. दुःख असं काही जाणवतच नव्हतं. आतून कुणी भूल दिल्यासारखं सगळं बधिर होतं. नवरा रामेश्वर वाळूजच्या कंपनीत शिफ्ट करायचा. तो बिचारा घरात आला की टीव्हीचा आवाज बारीक करायचा. तो कशासाठी बारीक करतोय ते तिला कळायचं, पण मोठा असला काय नि बारीक असला काय, तिला सारखंच होतं.

नामांकनाची बातमी द्यायला इंद्रजीतचा फोन आला तेव्हा तो एकच वाक्य तीनतीनदा सांगत होता. दवाखान्यात कुणी पेढे आणले. एक डॉक्टर म्हणाले, तुमचे वडील अमर झाले. ती “हो ना” म्हणाली. शेजाऱ्याचं कुरिअर आपण सही करून घ्यावं, तसं तिनं ते सगळं कौतुक घेतलं. मनात मात्र एक आशा धरली. सिनेमा बघून ती आजवर कधी कोरडी राहिली नव्हती. आबांचा सिनेमा तिनं अजून पाहिला नव्हता; इंद्रजीतनं लिंक पाठवूनही तो मुद्दाम रविवारच्या बैठकीसाठी राखून ठेवला होता. तिथं, त्या खोलीत, अंधारात, काहीतरी सुटेल असं तिला वाटत होतं.

रविवारी दुपारी ती गेली तर नानासाहेब स्वतः जिन्याखाली उभे. त्यांनी तिला मधल्या खुर्चीत बसवलं. प्रेरणा, तिची मैत्रीण, शेजारी बसली आणि पाण्याची बाटली तिच्या पायाशी ठेवली. एरवी गोंगाट करणारी मंडळी लग्नघरी चुकून मयताची बातमी यावी तशी हळू आवाजात बोलत होती.

पहिले चार सिनेमे झाले. एक बंद पडलेल्या खाणीवर होता, एक म्हाताऱ्या संगीतशिक्षकावर, एक समुद्रात बेपत्ता झालेल्या कोळ्यांच्या बायकांवर. चौथा बर्फाळ मुलखातल्या एका बस ड्रायव्हरवर होता. त्या लांबच्या फेरीवर आता शाळेची एकच मुलगी उरली होती. तो रोज तिला न्यायचा, आणायचा. दोघं जवळजवळ बोलायचीच नाहीत. शेवटच्या दिवशी ती उतरते, तो दार लावतो, संपलं.

मग आबांचा. नानासाहेबांनी तो मुद्दाम शेवटी ठेवला होता.

पडद्यावर दौलताबादचा किल्ला दिसला, पहाटेच्या धुक्यात, आणि त्याच्या पायथ्यानं उताराला लागलेली मेंढरं. वरून, ड्रोनमधून. अंबिकाच्या मनात पहिला विचार आला तो हा, की आबा कधी त्या वाटेनं जात नसत. किल्ला चौकटीत यावा म्हणून मेंढरं तिकडं नेलीत. मग आबा दिसले. खांद्यावर घोंगडी, काठीवर हनुवटी. एकटेच. सबंध सिनेमाभर एकटे. एकटे चालतात, एकटे चूल पेटवतात, एकटेच चांदण्यात बसतात. “मेंढरं चालत्यात, मी चालतो. वाट सरली की मी बी सरंल,” असं ते कॅमेऱ्याकडं बघून म्हणाले. अंबिकाला वाटलं, हे वाक्य इंद्रजीतनं दोन-तीनदा म्हणवून घेतलं असणार. आबा म्हणताना किंचित थांबलेत. संगीत जास्त आहे. मधला भाग रेंगाळतोय. ती वाट बघत राहिली. डोळे कोरडेच. आणि आजूबाजूचं कुणी पडद्याकडं बघतच नव्हतं, सगळे चोरून तिच्याकडं बघत होते, हेही तिला अंधारात समजत होतं.

दिवे लागले. कुणी टाळी वाजवावी की नको, या घोटाळ्यात दोन-तीनच टाळ्या वाजल्या.

चर्चा सुरू झाली, पण ती चर्चा नव्हतीच. खाणीच्या सिनेमावर थोडं बोलणं झालं, कोळ्यांच्या बायकांवर थोडं. आबांच्या सिनेमाची वेळ आली तेव्हा जो तो तारीफ करून मोकळा झाला. छायाचित्रण अप्रतिम. माणूस काय भारदस्त. आपल्या मातीतलं. दरवर्षी प्रत्येक सिनेमाची सालटी काढणारा सोमनाथसुद्धा म्हणाला की यात खोट काढायला जागाच नाही. अंबिका त्याच्याकडं बघत राहिली. या माणसाला ड्रोन बघितला की चीड येते, हे तिला ठाऊक होतं.

नानासाहेबांनी मतं मागितली. बसच्या सिनेमाचं नाव घेतलं तेव्हा एकच हात वर झाला. अंबिकाचा.

नानासाहेबांना वाटलं ती चुकली, म्हणून त्यांनी सिनेमाचं नाव पुन्हा सांगितलं. तिनं हात खाली घेतला नाही.

“ताई,” सोमनाथ न राहवून म्हणाला, “स्वतःच्या बापाच्या सिनेमाला मत नाही?”

“आबा चांगले होते,” अंबिका म्हणाली. “सिनेमा बरा आहे.”

बाकी सगळे हात आबांच्या सिनेमासाठी वर गेले. त्या वर्षी आबांचा सिनेमा पुंडलिकनगरात एका मताच्या फरकानं एकमतानं निवडून यायचा राहिला. चहा झाला. कुणीतरी जिन्यात म्हणालं, काळीज दगडाचं झालंय बाईचं. ते तिला ऐकू गेलं आणि तिला ते बरोबरच वाटलं.

प्रेरणा तिला कोपऱ्यापर्यंत सोडायला आली. रागावली होती, की कळवळली होती, तिचं तिलाच ठरवता येत नव्हतं. “तुला नक्की काय होतंय, सांग ना मला,” ती म्हणाली.

“काहीच होत नाहीये,” अंबिका म्हणाली. “तेच सांगतेय.”

पुढच्या आठवड्यात सुटी काढून ती लॅपटॉप घेऊन गावी गेली. भाऊ खंडेराव मेंढरं घेऊन गंगापूरच्या अंगाला होता. घरात आई, म्हाळसाबाई, एकटीच. आबा गेल्यापासून ती मेंढरांमागं गेली नव्हती. अंबिकानं ओट्यावर लॅपटॉप मांडला, ऊन येतं म्हणून वर गोधडी धरली आणि दोघी त्या सावलीत डोकी घालून बसल्या.

म्हाळसाबाई फार लक्ष देऊन बघत होती. मेंढरं दिसली की नावानं ओळखायची. काळी नकटी, लंगडीची पोर. आबा दिसले तेव्हा तिनं पदर तोंडाला लावला, पण रडली नाही. आबा एकटे चुलीपुढं बसलेले दिसले तशी ती पुढं सरकली. पार शेवटपर्यंत तिनं वाट पाहिली. पडदा काळा झाला, नावं वर सरकायला लागली, तरी बघतच राहिली.

“सरलं?”

“सरलं, माय.”

“मंग मी कुठंय?”

अंबिकाला चटकन समजलं नाही.

“मी व्हते की तिथं. रोज. ती चूल कोणी पेटविली? तेनं? तेला जाळ करता येत व्हता व्हय कधी?” म्हाळसाबाईचा आवाज चढला नव्हता. हरवलेली वस्तू कुठं ठेवली ते विचारावं, तसं ती विचारत होती. “तो पोरगा माझ्या हातची भाकर खायाचा. काकू काकू म्हणायचा. मंग मला काढलं काहून?”

अंबिका गोधडी धरून तशीच बसली. किल्ला तिच्या ध्यानात आला होता, संगीत ध्यानात आलं होतं, रेंगाळणारा मधला भाग ध्यानात आला होता. जन्मभर आबांच्या पाठोपाठ बिऱ्हाड लादलेल्या घोड्याचा कासरा धरून चाललेली आई त्यात नाही, हे तिला दिसलंच नव्हतं.

“लई हिंडलो आम्ही,” म्हाळसाबाई म्हणाली, आणि उठून शेळीला पाणी दाखवायला गेली.

परतीच्या बसमध्ये अंबिकानं इंद्रजीतला फोन लावला. तो अमेरिकेला जायच्या गडबडीत होता, तरी नीट बोलला. काकूंचं पुष्कळ चित्रण केलं होतं म्हणाला. पण संकलन करताना लक्षात आलं, की ही गोष्ट एकट्या माणसाची आहे. दोघं आली की गोष्ट बदलते. तिकडच्या लोकांनाही ते एकटेपण लगेच भिडलं.

“पण ते एकटे नव्हते,” अंबिका म्हणाली.

तो म्हणाला, की तिला कळायला हवं, ती सिनेमा जाणणारी आहे. तिनं वाद घातला नाही. फक्त आई असलेलं जे काही असेल ते पाठव, एवढं म्हणाली. पुरस्कार होऊन जाऊ दे, पाठवतो, असं त्यानं कबूल केलं. बस खड्ड्यांतून जात होती. तिनं फोन पर्समध्ये टाकला आणि खिडकीबाहेर कापूस उपटून रिकामी झालेली रानं बघत राहिली.

पुरस्कार खाणीच्या सिनेमाला मिळाला. सकाळी दवाखान्यात जाताना तिनं नानासाहेबांच्या ग्रुपवर हळहळ वाचली. सोमनाथनं लिहिलं होतं की हे लोक आपल्या माणसाला कधी देणारच नाहीत. तिला फोनवर फोन आले, सगळे सांत्वन करत होते. आबा गेले तेव्हासारखंच ती प्रत्येकाला म्हणाली, हो ना, चालायचंच.

इंद्रजीतनं मात्र शब्द पाळला. मार्च संपता संपता त्याच्याकडून एक फाइल आली. जेवणाच्या सुटीत अंबिकानं एक्स-रेच्या खोलीचं दार लावून ती उघडली. न कापलेलं, न सजवलेलं चित्रण. म्हाळसाबाई पीठ मळतेय, आबा पलीकडं कोकराच्या पायातला काटा काढतायत. आबा म्हणतात, काल भाकरीत मीठ नव्हतं. ती म्हणते, व्हतं, तुमच्याच तोंडाला चव नाय. ते म्हणतात, मीठ नव्हतं. ती पिठाचा हात त्यांच्याकडं झटकते. आबांच्या मिशीला पीठ लागतं आणि ते हसतात, खो खो, पुढचे दोन दात नसलेलं तोंड उघडून. मग कॅमेऱ्यामागून इंद्रजीतचा आवाज येतो, अगदी गोड: “काकू, जरा बाजूला होता का?” म्हाळसाबाई परात उचलते आणि चौकटीबाहेर जाते. आबांचं हसू थोडा वेळ तिच्या दिशेनं वळलेलं राहतं. मग ते काठीवर हनुवटी टेकवतात.

अंबिकानं ते पुन्हा पाहिलं. छातीत कुठंतरी, पायाला मुंग्या आल्यावर दुखतं तसं, बारीक दुखलं आणि थांबलं. तिनं चित्रण खंडेरावच्या फोनवर पाठवलं, डबा तसाच झाकून ठेवला आणि दार उघडलं.

संध्याकाळी खंडेरावच्या फोनवरून म्हाळसाबाई बोलली. मागच्याच आठवड्यात ती मेंढरांकडं गेली होती. घरात बसून करायचं काय, असं म्हणून बिऱ्हाड बांधून निघालेली. मागून मेंढरांचा गलका ऐकू येत होता.

“पाहिलं गं,” म्हाळसाबाई म्हणाली. “तीनदा लावायला लावलं खंडूला.”

“बरं.”

“मीठ नव्हतंच त्या दिशी,” ती म्हणाली. “तेचंच खरं व्हतं.” मग म्हणाली, नव्या जागी पाणी चांगलं आहे, एक मेंढी दिवस भरूनही अजून व्यालेली नाही, तिचा घोर लागलाय, आणि कुत्रं मेंढरांत शिरलंय, ठेवते.