नंबरातल्या घागरी

आमच्या घरात मन्मथमामाचा धंदा कुणालाच कळायचा नाही. अप्पा घागरी विकतात, काका डाळ विकतात, समोरचे शंकरप्पा विभूती आणि उदबत्ती विकतात. मामा काय विकतो? सल्ला!

"किलोवर विकतोस का नगावर?" अप्पा दर वेळी विचारायचे.

"रस्त्यावर विकतो, दाजी," मामा म्हणायचा, आणि ते खरंच होतं. नांदेडला त्यानं एका खोलीत ऑफिस काढलं होतं. दारावर पाटी होती, 'रस्ते व वाहनतळ सल्लागार'. गावातला रस्ता केवढा असावा, गाड्या कुठं लावाव्यात, पायी चालणाऱ्यानं कुठून चालावं, हे तो नगरपालिकांना सांगणार होता. 'होता' म्हणते, कारण अजून कुणी विचारलंच नव्हतं.

मग लातूरनं विचारलं. आमचा जिल्हा होऊन तीन-चार वर्षं झाली होती. कलेक्टर आले, कचेऱ्या आल्या, जीपगाड्या आल्या. रस्ते मात्र तालुक्याचेच राहिले. आमच्या अडत लाइनीत तर विचारू नका. दुकानांपुढं सायकली, सायकलींपुढं हातगाड्या, हातगाड्यांपुढं बैलगाड्या, आणि उरलेल्या जागेतून ट्रक. शाळेत जाताना मी कायम कुठल्या तरी बैलाच्या शिंगाखालून वाकून जायची.

मामाची योजना एकदम सोपी होती. रस्त्याच्या एका कडेला पायी चालणाऱ्यांची पट्टी. पट्टीत सायकल नाही, गाडी नाही, दुकानाचा माल नाही. सायकली सगळ्या लाइनीच्या टोकाला बंद पडलेल्या जिनिंग मिलच्या आवारात. "पण सिमेंट ओतायच्या आधी एक दिवस नुसती फक्की मारून बघू," मामा म्हणाला. फक्की म्हणजे आमच्या कबड्डीच्या मैदानावर मारतात तीच पांढरी पूड.

मुख्याधिकारी साहेब बोलायला कमी. ते म्हणाले, "बाजाराच्या दिवशी दहा वाजता मी स्वतः या टोकापासून त्या टोकापर्यंत चालेन. एकदा जरी पट्टी सोडून रस्त्यावर उतरावं लागलं, तर तुमचा आराखडा तुम्हाला परत."

त्या दिवशी जेवताना अप्पांनी आपली अट घातली. "मन्मथा, न्हाई जमलं तर ऑफिसला कुलूप लाव. इथं गादीवर येऊन बस. मलाबी माणूस पाहिजेच हाय."

भाकरी थापणाऱ्या अव्वाचा, म्हणजे माझ्या आईचा, हात थांबला. मामानं भाकरीचा तुकडा ताटात उगीच इकडून तिकडं केला आणि म्हणाला, "बरं."

माझा मामा, जो रस्त्यावरचा खड्डा बघून बैलगाडी किती कलेल ते सांगतो, तो घागरी टिचकी मारून दाखवत बसणार?

आता माझ्याबद्दल. मी सिद्धम्मा. नाव अज्जीचं आहे आणि पाचवीपासून मुली मला "काय सिद्धम्मा, गुडघे कसे आहेत?" असं विचारायच्या. मी कोपऱ्यात बसायची. पण या वर्षी नववीत कवायतीला लीडर निवडायचा होता, आणि बाईंनी सगळ्यांना ओरडायला लावलं. माझा "दक्ष!" ऐकून मागच्या आवारातला गुरखा उठून उभा राहिला. तेव्हापासून माझ्या गुडघ्यांची चौकशी बंद झाली आहे. आणि तेव्हापासून मला असं वाटतं की जगातली बरीच कामं नुसती मोठ्यानं आणि स्पष्ट सांगितली तर होतात.

बाजाराच्या आदल्या संध्याकाळी दुकानं मिटल्यावर आम्ही फक्की मारली. मामा मापं घेत होता, नगरपालिकेचे दोन गडी पूड टाकत होते आणि दोरीचं टोक माझ्या हातात होतं. काय सरळ रेघ आली! मी एवढी फुगले होते की बोळाच्या तोंडाशी राहणाऱ्या गंगम्माअज्जीनं विचारलं, "काय करलालीस गं पोरी? रेघ कशाची?" तर मी मान वर करून म्हणाले, "उद्या दहा वाजता कळंल!"

ते कळलं सकाळीच.

मी आणि मामा दुकानापाशी आलो आणि मामानं माझा दंड धरला. आमची ती सुंदर, मोकळी, पांढऱ्या रेघेची पट्टी घागरींनी भरली होती. पितळी, तांब्याच्या, जर्मनच्या, प्लास्टिकचे हंडे, तेलाचे डबे, एक फुटका रांजणसुद्धा. पार टोकापर्यंत. आणि भिंतीला टेकून बायका गप्पा मारत बसलेल्या.

"हे काय करून राहिले लोक?" मामा म्हणाला.

"नंबर लावलाय," मी म्हणाले, आणि मला हसू यायला लागलं. "मामा, अरे, फक्की!"

मामा नांदेडचा. त्यांच्या गावाशेजारून गोदावरी वाहते. तिथं फक्कीची रेघ म्हणजे कबड्डी. आमच्याकडं त्या साली नळाला नुसती हवा यायची, आणि टँकर येणार असला की नगरपालिकेचा माणूस चौकात आधी फक्कीची रेघ मारून जायचा. रेघेमागं घागर ठेवली की नंबर लागला. बाई घरी जाऊन भाकरी टाकून आली तरी चालतं, घागर तिच्या जागी उभी असते. लातुरात कुणी एक वेळ दुसऱ्याच्या घरात घुसेल, पण दुसऱ्याच्या घागरीला पाय लावणार नाही. आणि आम्ही अख्ख्या रस्त्याला रेघ मारली होती. वरून मी 'दहा वाजता कळंल' म्हणाले होते!

"संपलं," मामा पट्टीकडं बघत म्हणाला. "साहेब चालणार कुठून? या उचलायला सांगू?"

"उचलायला? दंगल होईल."

अप्पा गादीवरून सगळं बघत होते. "मन्मथा," त्यांनी हाक मारली, "गादीवरची उशी झटकून ठिवू का?"

मामाचे कान लाल झाले. मी पट्टीकडं बघितलं, घागरींकडं बघितलं. एक सायकलवाला आला, नेहमीसारखी सायकल आत घालायला लागला, आणि गंगम्माअज्जी बसल्या जागेवरून कडाडली, "ए मुडद्या! चाक लागलं माझ्या घागरीला तर तुझ्या तोंडानं पाणी भरून घीन!" सायकलवाला सायकल उचलून, अक्षरशः उचलून, मागं गेला.

आणि मला दिसलं.

"मामा, फक्कीला कोण भितंय? कुणीच न्हाई. घागरीला भितेत सगळे. घागरी पट्टीत कामून ठिवायच्या? रेघेवर ठिवू. एकामागं एक. कुंपण होतंय बघ!"

मामानं डोळे बारीक करून पूर्ण रस्ता या टोकापासून त्या टोकापर्यंत बघितला, जसा तो नकाशा बघतो. "पण टँकर इथं येणार नाही, सिद्धे. या बायकांना फसवून कुंपण नाही करायचं."

"न्हाईच करायचं." मी शंकरप्पांच्या दुकानाच्या पायरीवर चढले. "ऐका हो समद्या! ही रेघ टँकरची न्हाई!"

त्यानंतर जे झालं त्यातले अर्धे शब्द मला लिहिता येणार नाहीत. गंगम्माअज्जी उठून थेट माझ्यापुढं आली. "मग मारली कामून? रेघ मारली की टँकर आलाच पाहिजे! आमी चौकातला नंबर सोडून आलाव हितं!"

"चौकात आता कुणीच न्हाई?"

"कोण राहतंय? समद्या हितंच!"

मी मामाकडं वळले. मामाच्या डोक्यात ते माझ्याआधीच आलं होतं. त्याचे डोळे चमकायला लागले होते. "चौकात टँकर उभा राहिला की चारी रस्ते तुंबतात," तो भराभर बोलायला लागला, "माझ्या नकाशात त्याला जागाच नव्हती. जिनिंगच्या आवाराचं फाटक रुंद आहे. टँकर आत घेतला तर रांग इथूनच सुरू होते. सिद्धे, ही पट्टी रांगेसकट चालली पाहिजे! रांग नसलेली पट्टी लातूरला काय कामाची?"

"मग मी टँकर आणते," मी म्हणाले. "पण आज्जे, आधी घागरी रेघेवर. नंबर कुणाचा हलणार न्हाई, माझी जबाबदारी."

"तुझी? केवढीशी तू!"

"सगळ्या आपापल्या घागरीपाशी!" मी कवायतीचा आवाज काढला. "दक्ष!"

आणि बायका उभ्या राहिल्या! शपथ! हसत, पदर खोचत, एकमेकींना कोपरानं ढोसत, पण उभ्या राहिल्या. "घागर उचल! एक पाऊल रस्त्याकडं! घागर ठिव!" ढण्ण! अख्ख्या अडत लाइनीत एकच आवाज झाला. ज्यांना जागा पुरली नाही त्यांनी मागं नेऊन लावल्या, नंबर न मोडता. रेघेवर घागरींची भिंत उभी राहिली आणि आत पट्टी लख्ख मोकळी.

मी दुकानाची सायकल घेतली आणि चौकाकडं सुटले.

टँकर येऊन उभा होता. ड्रायव्हर शेषेराव स्टिअरिंगवर हनुवटी टेकून रिकाम्या चौकाकडं बघत होते. एवढी शांतता त्यांनी त्या साली पहिल्यांदाच बघितली असावी.

"काका, टँकर अडत लाइनीला घ्या. जिनिंगच्या आवारात."

"मला हुकूम चौकाचा हाय."

"हुकूम पाणी वाटायचा का चौकात उभं राहायचा? हितं कुणाला वाटणार? त्या कुत्र्याला? घागरी समद्या तिकडं गेल्यात."

शेषेरावांनी कुत्र्याकडं बघितलं. "आन् साहेब बोलले तर?"

"साहेब तिकडंच येणारेत. समोरासमोर विचारा."

"हाव की," ते म्हणाले आणि गाडीला किल्ली मारली. लातुरात टँकरच्या पुढं सायकल मारत वरातीसारखी आलेली मी पहिलीच मुलगी असेन.

आवाराच्या फाटकातून टँकर आत गेला आणि पलीकडच्या टोकाला साहेबांची जीप थांबली. मामा त्यांच्याबरोबर चालायला लागला. मी मागून. साहेब चालत होते, समोरून माणसं येत होती, डोक्यावर भरलेली घागर घेतलेल्या बायका आरामात बाजूनं जात होत्या. एका लुनावाल्यानं पट्टीत नुसतं बघितलं, तर चार बायकांनी त्याच्याकडं बघितलं. तो जिनिंगकडं गेला. साहेबांची चाल सैल झाली.

आणि मग मला आमचं दुकान दिसलं.

घागरींचं कुंपण बरोबर आमच्या दुकानापाशी तुटलं होतं, कारण तिथं पट्टीत अप्पांचा माल होता. विकायच्या घागरी, एकावर एक, थेट रेघेच्या बाहेरपर्यंत. अप्पांनी सकाळी नेहमीसारख्या मांडल्या होत्या. काढल्या नव्हत्या, आणि बायकांच्या घागरींच्या गर्दीत त्या मला वेगळ्या दिसल्याही नव्हत्या. साहेब तिथं पोचले की त्यांना रस्त्यावर उतरावंच लागणार होतं. पाय खाली पडला की मामाचं ऑफिस बंद.

मी धावत पुढं गेले. "अप्पा, माल उचला."

"गिऱ्हाइकाला दिसाय नको का?"

"अप्पा, तुमाला मामा खरंच गादीवर पाहिजे?"

अप्पा हळूच म्हणाले, "एकटा पडतोय तिकडं पोरगा. हितं भाकर तरी येळेवर खाईल."

असं होतं तर! मला अप्पांचा रागच येईना. "अप्पा, तो गादीवर बसला तर गिऱ्हाइकाला भाव न्हाई सांगणार. सल्ला देईल. 'ही घागर घेऊ नका ताई, कमरेवर रुतंल.' मग काय विकाल?"

अप्पांनी मिशीत हसू दाबलं. साहेब तीन दुकानांवर आले होते. अप्पांनी तिकडं बघितलं, मामाकडं बघितलं. मामा सरळ पुढं बघत चालत होता, ओठ घट्ट मिटून. अप्पा धोतर सावरत पायरी उतरले आणि वरच्या दोन घागरी उचलल्या. "बघत काय ऱ्हायलीस? रेघेवर लाव!"

आम्ही दोघांनी मिळून लावल्या. शेवटची घागर टेकली आणि साहेबांचा बूट तिच्या आतल्या बाजूनं गेला. अप्पांनी नमस्कार केला. साहेबांनीही केला, आणि पुढं गेले. जिनिंगच्या फाटकापर्यंत. एकदाही रस्त्यावर न उतरता.

फाटकाशी शेषेराव नळी धरून उभे होते. साहेबांनी टँकर बघितला, रांग बघितली. "चौकात कोण उभं आहे आता?" त्यांनी विचारलं.

"कुत्रं, साहेब," शेषेराव म्हणाले.

साहेब पहिल्यांदा हसले. मग मामाला म्हणाले, "टँकर इथंच राहू द्या. पण पाऊस पडेल, घागरी घरी जातील, मग काय लावणार?"

"खांब," मामा लगेच म्हणाला. "बुटके, घागरीएवढेच उंच. घागरीएवढ्याच अंतरावर."

"काढा नकाशा," साहेब म्हणाले आणि जीपकडं गेले. चालत. पट्टीतूनच!

आम्ही परत आलो तर दुकानापुढं भांडण चालू होतं. रेघेवर लावलेल्या आमच्या घागरींपैकी एक अप्पांनी विकली होती, आणि ते ओरडत होते, "नंबरासकट घागर घ्या! नंबरासकट!" गंगम्माअज्जी कमरेवर हात ठेवून अप्पांपुढं उभी होती. "सिद्रामप्पा, नंबर तुज्या बापाचा हाय का? घागर इक, नंबर मागून लाव!" अप्पांना घागरी शेवटी नेऊन ठेवाव्या लागल्या, एकेक करून, सगळ्या लाइनीसमोर.

संध्याकाळी मामा नांदेडच्या एस.टी.ला निघाला. अव्वानं दशम्या बांधून दिल्या. अप्पांनी फडताळातली सगळ्यात चांगली तांब्याची घागर काढली, पंच्यानं पुसली आणि मामाच्या हातात दिली.

"हे काय, दाजी?"

"आज सल्ला घेतला न्हाई का तुझा? फुकट कशाला?"

मामानं घागर पोटाशी धरली. "पण नांदेडला मी घागरीचं काय करू? पाणी दारात आहे."

"कुठं फक्की मारायच्या आदी," अप्पा म्हणाले, "ही रस्त्यावर ठिवून बघ. आन् पोरीला इचार."