निळ्या पिकअपची मुकी झडप

मित्रांनो, मी एक जुना निळा पिकअप आहे. तुकेरेस गावाच्या डोंगरात बटाट्यांची पोती वाहण्यात माझी पंचवीस वर्षे गेली. चढावर मी कधी धापा टाकल्या नाहीत, म्हणून माझा मालक ओल्मेदो बाजारात माझी तोंड भरून स्तुती करी.

अलीकडे मात्र त्याने पेडलवरून पाय काढला की माझे इंजिन बंद पडू लागले. एकदा भर उतारावर तसेच झाले. स्टिअरिंग जड झाले, ब्रेक दगडासारखा झाला आणि मी दरडीला धडकलो. शेजारी बसलेल्या त्याच्या म्हाताऱ्या आईचा हात मोडला.

"हे लाउरेआनोचंच काम!" ओल्मेदो ओरडला.

लाउरेआनो त्याचा धाकटा भाऊ. वडिलांच्या शेतावरून दोघांत धुसफूस होतीच, आणि आठवड्यापूर्वी त्याने मला दिवसभर नेले होते. खरे सांगतो, मलाही त्याचाच संशय आला. वाटेत त्याने माझे बॉनेट उघडले होते, आणि बघणाऱ्यांनी ते ओल्मेदोलाही सांगितले होते! ओल्मेदोने त्याला आईला भेटायलाही घरात घेतले नाही.

मग मला नूबियाताईच्या गॅरेजात नेले.

"एखादी तार कापलेली निघाली, तर सरळ पोलिसांत जातो," ओल्मेदो म्हणाला.

"आधी गाडीला तर विचारू दे," ताई म्हणाली.

तिने तपासणीचे यंत्र जोडले आणि एकेका भागाला हुकूम सोडला. पंखा फिरला. इंधनाची नळकांडी टकटकली. पेडल सुटल्यावर इंजिनाला हवा पुरवणारी झडप मात्र गप्पच. ताईने तिला थेट बॅटरी लावली. टक्क!

"झडप धडधाकट आहे. हुकूमच पोचत नाहीये."

"बघ! कापलीच त्याने!"

ताई तारेवरून बोट फिरवत गेली. नव्या भोंग्याच्या पट्टीखाली तार चेंगरून तुटली होती.

"हा भोंगा कोणी बसवला?"

ओल्मेदो खाली बघू लागला. "मीच. जत्रेसाठी."

"मग पोलिसांना कुणाचं नाव सांगणार?"

संध्याकाळी आम्ही लाउरेआनोच्या दारात होतो. त्याने दार अर्धेच उघडले.

"बॉनेट कशाला उघडलं होतंस?" ओल्मेदोने तरीही विचारलेच.

"पाणी संपलं होतं, दादा. भरलं."

ओल्मेदोने माझे पुढचे दार उघडले. "चल. आई वाट बघतेय."

लाउरेआनोने घराला कडी घातली. मग आला, पण भावाशेजारी नाही. मागे, पोत्यांवर जाऊन बसला.

मित्रांनो, आम्ही जुनी यंत्रे बिघडणारच. आमची तार न् तार तपासा, पण त्याआधी कुणावर खापर फोडू नका. माझी तार ताईने अर्ध्या तासात जोडली. लाउरेआनो अजून मागेच बसतो.