दोन कानांचा पेला

"कुठून आलात फिरायला?" काउंटरवरच्या मुलीने गोड हसून विचारलं आणि इश्बेलचं डोकंच फिरलं. इथे, एडिनबरात, जन्मलेल्या बाईला हा प्रश्न!

"टोरोंटोहून," मर्डोने परस्पर सांगून टाकलं. "माझी बहीण. आज परत चाललीय."

या धाकट्या भावाचा तिला आईला मूठमाती दिल्यापासून संताप येत होता. आईच्या घरातली एकच वस्तू तिला हवी होती, चांदीचा दोन कानांचा पेला, क्वेख. लग्न असो की मयत, त्यात व्हिस्की ओतून दोन्ही हातांनी पुढे करायची, समोरच्याने दोन्ही हातांनी घ्यायची. आजीकडून तो आईकडे आला होता, आता तिच्याकडे यायला हवा होता. पण पेल्याचं नाव काढलं की मर्डो विषय बदलायचा. आणि आज विमानाची वेळ होत आली, तर या सोद्याने तिला रॉयल माइल रस्त्यावरच्या पर्यटकांच्या दुकानात आणून उभं केलं होतं. बिस्किटांचे डबे, चौकड्यांचे मफलर आणि कापडी गायी एकाच फळीवर कोंबलेल्या.

"हा घे," मर्डोने एक नवा कोरा पेला उचलला. "अगदी तस्साच आहे."

"तस्साच? अरे, कथलाचा आहे हा! विकून खाल्लास ना आईचा?"

"हळू बोल."

"का म्हणून? ऐकू दे सगळ्यांना!"

काउंटरवरची मुलगी उगाचच मफलरांच्या घड्या घालू लागली.

"विकला नाही मी," मर्डोचाही आवाज चढला. "आईनंच दिला. शेजारच्या ईनाला."

"ती कोण लागते आपली?"

"कुणी नाही. पण आजारपणात आई झोपेपर्यंत तीच बसायची उशाशी. मी म्हटलं आईला, अगं, इश्बेल मागेल. तर म्हणाली, तिला हवा असेल तर जाताना दुकानातून घेईल. दर खेपेला पाहुण्यासारखी येते आणि तेच तर करते."

इश्बेलने मर्डोच्या हातातला पेला हिसकावून घेतला. आता भांडायचं कोणाशी? जिच्याशी भांडायचं, ती मातीखाली गेली होती. तिला ईनाचा राग आला, आईचा आला, आणि सगळ्यात जास्त स्वतःचा आला.

"नाव कोरून देऊ यावर?" मुलीने भीत भीत विचारलं.

"नको!" इश्बेल खेकसली. "बांधा तसाच, लवकर. विमान चुकेल माझं."

आई म्हणाली होती तेच ती करत होती. तिला रडायचं होतं, पण रडू येत नव्हतं, नुसता राग येत होता.